रिकाम्या काट्याचा आकडा

वजनकाटा दिवसातला बराचसा वेळ रिकामाच असतो. गिऱ्हाईक येतं, डबे-पातेली चढतात, किलोचा आकडा दिसतो, भांडी उतरतात आणि काटा पुन्हा शून्यावर येऊन थांबतो. पण काट्याच्या पोटातल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहिणारी माणसं बहुधा पाच किलो, दहा किलोचं वजन ठेवून तपासणी करतात आणि आकडा बरोबर आला की झाकण लावतात. रिकामा काटासुद्धा तपासायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात मी बरीच वर्षं ही कामं करत आले आहे. शेजारच्या गाळ्यात स्टीलची भांडी घडतात, त्यापलीकडे त्यांना बफ मारतात, आणि संध्याकाळपर्यंत त्याचा सूर कानात बसतो. भांडी वजनावर विकली जातात, म्हणून इथे दर दोन गाळ्यांआड एक काटा. आम्ही काट्यांचे बोर्ड बनवतो आणि दुरुस्त करतो. शिवाय बर्फाच्या पेट्यांचे तापमानदर्शक, कारखान्यांतली अलार्मची पॅनेलं, दुकानांवरचे सरकत्या अक्षरांचे फलक. सुटे भाग ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणता येतात, प्रोग्रॅम मात्र इथेच बसून लिहावा लागतो.

डिप्लोमा करून मी आले तेव्हा गाळ्यात ८०५१ चं राज्य होतं. इंटेलने १९८० साली आणलेल्या या चिपमध्ये १६ बाइटांचा एक कोपरा असा आहे की त्यातल्या १२८ बिटांपैकी प्रत्येकाला स्वतःचा पत्ता आहे. त्या चिपवर हात बसलेल्या माणसाला बिट ही पुस्तकातली कल्पना राहत नाही. मोटर चालू की बंद, दार उघडं की मिटलेलं, टाकी भरली की रिकामी, हे सगळं त्याला बिटांतच दिसायला लागतं. पुढे चिपा बदलल्या, ८ बिटांच्या ३२ बिटांच्या झाल्या, पण ती नजर गेली नाही.

चिपमधली संख्या म्हणजे ठरावीक घरांची ओळ: ८, १६ किंवा ३२ घरं, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. ही घरं डावीउजवीकडे सरकवायची, मधली काही उचलून घ्यायची, चालू घरं मोजायची, सर्वांत डावीकडचं चालू घर कितवं ते शोधायचं. तीन-चार ओळींची फंक्शनं असतात ही. मधल्या आकड्यांना ती कुणाचीही बरोबर येतात. कस लागतो टोकांना. ओळ पूर्ण रिकामी असली तर? पूर्ण भरलेली असली तर? ३२ घरांतून ३२ च्या ३२ मागितली तर? एकही मागितलं नाही तर? आणि सर्वांत डावीकडचं घर, जिथे ऋण चिन्ह राहतं, ते एकटंच पेटलं तर?

आमच्याकडे यांना एज केस म्हणतात, आणि 'क्वचित होतं, नंतर बघू' हे वाक्य त्याला जोडूनच येतं. मला हे वाक्य पटत नाही. टोकाचा आकडा क्वचित येतो हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावर खरं असेल. जिथे यंत्र बसवलेलं असतं तिथे तोच आकडा अनेकदा सगळ्यात नेहमीचा असतो.

दुसरीकडे बनलेला एक काटा आमच्याकडे दुरुस्तीला आला होता. भांडं ठेवलं की वजन चोख. रिकामा असला की मधूनच भलताच अवाढव्य आकडा झळकायचा, मग दुकानातला पोरगा प्लग काढून पुन्हा लावायचा. लोडसेल, म्हणजे वजन जाणवणारा भाग, बदलून झाला होता, वायरी बदलून झाल्या होत्या. आत लोडसेल वाचायला एचएक्स७११ ही चिप होती. ती २४ घरांची संख्या देते, उणे ८३,८८,६०८ पासून अधिक ८३,८८,६०७ पर्यंत. ती वाचणारी मुख्य चिप ३२ घरांची. मग डावीकडे उरलेली ८ घरं कशाने भरायची? संख्या ऋण असेल तर एकांनी, धन असेल तर शून्यांनी. त्या प्रोग्रॅमात ती कायम शून्यांनीच भरली होती. त्यामुळे उणे १ चे १,६७,७७,२१५ व्हायचे. भांडं ठेवलेलं असताना संख्या धनच असते, तेव्हा काही बिघडत नाही. या काट्याची जुळणी अशी होती की प्लेट रिकामी झाली की आकडा शून्याच्या अल्याडपल्याड थरथरायचा, कधी अधिक दोन, कधी उणे एक. तेवढ्याला डोक्यावरच्या पंख्याचा वारासुद्धा पुरतो.

इलाज एका ओळीचा होता. चिन्हाचं घर उलटवायचं आणि मग त्याच घराची किंमत वजा करायची. २४ घरांच्या प्रत्येक संख्येला हे लागू पडतं, कुठेही 'जर-तर' लिहावं लागत नाही. हे सूत्र पाहिल्यावर मी पेन्सिलने चार घरांच्या सोळा संख्यांसाठी ते करून पाहिलं होतं. आजही नव्या मुलांना मी तेच करायला लावते. सोळा ओळी हाताने लिहिल्या की डोळ्यांना जे दिसतं ते वाचून समजत नाही.

काट्यांच्या कामामुळे वजनमापांचे नियमही वाचनात आले. इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी घ्यावा लागतो, आणि या नियमांमागे आर ७६ नावाची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तिच्यात एक कलम आहे: कमाल वजनाच्या पुढे नऊ भागांपेक्षा जास्त काही दाखवायचंच नाही. ३० किलोचा, ५ ग्रॅमच्या भागाचा काटा ३० किलो ४५ ग्रॅमच्या पुढे गप्प झाला पाहिजे. मला हे फार मोलाचं वाटतं. जिथे खात्रीचं उत्तर नाही तिथे आकडा द्यायचा नाही, हे वजनमापवाल्यांनी नियमात लिहून ठेवलं आहे. आमची छोटी फंक्शनं मात्र काहीही विचारलं तरी कुठला ना कुठला आकडा देतातच.

याचा खरा अर्थ कळला तो अलार्मच्या पॅनेलवर. एका कारखान्यासाठी ३२ खिडक्यांचं पॅनेल होतं. प्रत्येक खिडकीमागे दिवा: बॉयलरचा दाब वाढला, पाण्याची पातळी उतरली, पंप बंद पडला. पॅनेलवर लॅम्प टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की सगळे दिवे लागले पाहिजेत, म्हणजे एखादा उडालेला असेल तर कळतो. पाळीवर येणारा ऑपरेटर आधी हे बटण दाबतो, मग डबा ठेवतो.

दिवे लावणारं फंक्शन आधीच्या प्रोग्रॅममधून आलेलं होतं. पहिले अमुक इतके दिवे हवे असतील तर एक घ्यायचा, तितकी घरं डावीकडे सरकवायचा आणि एक वजा करायचा. पाच हवे असतील तर १००००० मधून एक गेला, उरले पाच एक: १११११. युक्ती सुबक आहे. ३२ हवे असतील तर? तो एक ओळीबाहेर पडला, उरलं शून्य, त्यातून एक वजा केला की सगळी घरं एक. कागदावर हेच होतं. सी भाषेचं प्रमाण मात्र सांगतं की ओळीत जितकी घरं तितकं किंवा त्याहून जास्त सरकवलंत तर निकालाची कसलीच हमी नाही. आमच्या बोर्डावरची एआरएम कॉर्टेक्स-एम चिप अशा वेळी शून्य देते, म्हणून पॅनेल झगझगीत पेटायचं. तोच प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवला की एकही दिवा लागायचा नाही. इंटेलच्या चिपा सरकवण्याच्या आकड्यातली शेवटची पाचच घरं बघतात. ३२ ची शेवटची पाच घरं म्हणजे पाच शून्यं, त्यामुळे तो एक जागचा हलतच नाही. एकातून एक गेला, उरलं शून्य.

गाळ्यात यावर दोन तट पडले. एक म्हणे, "बोर्डावर चालतंय ना? आपण लॅपटॉप विकतोय का?" मी दुसऱ्या तटात होते, पण तेव्हा माझ्याकडे प्रमाणातल्या त्या एका वाक्याशिवाय पुरावा नव्हता. काही महिन्यांनी कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाची, नवी आवृत्ती घेतली. तिने बटणाच्या जागचा ३२ हा आकडा आधीच ओळखला, हिशोब चिपवर सोडण्याऐवजी स्वतःच करून टाकला, आणि लॅम्प टेस्ट दाबल्यावर पॅनेल काळंच राहिलं. प्रोग्रॅमातलं एक अक्षरही कुणी बदललं नव्हतं. 'चालतंय' या शब्दावरचा माझा विश्वास त्या दिवशी उडाला.

पुढे जे झालं ते मला जास्त शिकवून गेलं. सुचवलेली पहिली दुरुस्ती अशी होती: सगळी घरं एक असलेली संख्या घ्यायची आणि ३२ मधून हवे तितके दिवे वजा करून उरतील तितकी घरं उजवीकडे सरकवायची. ३२ दिवे हवे असले तर शून्य घरं सरकायचं, उत्तम. पण एकही दिवा नको असेल तेव्हा? तेव्हा ३२ घरं. म्हणजे एका टोकाची अडचण उचलून आपण दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. आणि एकही अलार्म नसणं ही तर कारखान्यातली रोजची, हवीहवीशी अवस्था. शेवटी सरळ लिहिलं: ३२ किंवा जास्त मागितले तर सगळी घरं एक, नाहीतर जुनं सूत्र. दिसायला ओबडधोबड, पण दोन्ही टोकं एका नजरेत दिसतात.

कर्निहॅन आणि रिची यांचं सी भाषेवरचं पुस्तक आमच्या गाळ्यातलं सगळ्यात झिजलेलं पुस्तक आहे. मधली घरं उचलून देणारं एक छोटं फंक्शन त्यात आहे, आणि त्यातही मास्क, म्हणजे हवी ती घरं निवडणारी एकांची ओळ, असाच सरकवून बनवलेला आहे. पूर्ण रुंदीची घरं मागितली की तेही याच खड्ड्यात जातं. हे सांगण्यात त्या पुस्तकाचा अनादर नाही. शिकवण्याचं उदाहरण म्हणून ते उत्तमच आहे. पण उदाहरण उचलून यंत्रात बसवलं की त्याची टोकं बघण्याची जबाबदारी बसवणाऱ्याची.

त्याच पॅनेलवर सर्वांत वरचा अलार्म कोणता हे दाखवायचं होतं. त्यासाठी डावीकडून किती शून्यं आहेत ते मोजणारी सूचना चिपमध्येच असते. अलार्म एकही नसेल तर? कॉर्टेक्स-एम३ ३२ सांगते. इंटेलची जुनी सूचना अशा वेळी काय देईल हे इंटेलच्याच कागदपत्रांत अनिश्चित म्हणून लिहिलंय. जीसीसी कंपायलरचं तयार फंक्शनही शून्यासाठी हमी देत नाही. आम्ही ३१ मधून ते ३२ वजा करत होतो, म्हणजे शांत कारखान्यात खिडकी क्रमांक उणे एक. युनिक्समधलं जुनं एफएफएस फंक्शन हे फार शहाणपणाने करतं: पहिल्या घराला एक म्हणतं, दुसऱ्याला दोन, आणि काहीच नसेल तर शून्य. 'काही नाही' या उत्तराला स्वतःची जागा आहे. तेव्हापासून मी फंक्शन लिहायला घेण्याआधी हा प्रश्न कागदावर लिहिते: उत्तर नसेल तेव्हा हे काय परत देणार, आणि ते उत्तर खऱ्या उत्तरासारखं दिसणार नाही ना?

या प्रश्नाचं वजन कळलं उत्तनला. भाईंदर पश्चिमेहून बस उत्तन, पाली, चौकच्या कोळीवाड्यांकडे जाते. तिथे एका ठिकाणी मासळीच्या पेट्यांवर तापमानदर्शक बसवले होते. ताजं पापलेट बर्फात ठेवतात, आणि वितळता बर्फ शून्य अंशावर असतो. आमचा डीएस१८बी२० संवेदक अर्ध्या अंशापर्यंत इकडेतिकडे दाखवू शकतो, तेवढी सूट त्याच्या माहितीपत्रकातच आहे. म्हणजे पेटी नीट चालली असेल तर दिवसभर आकडा शून्याच्या आसपासच घुटमळणार, थोडा वर, थोडा खाली.

हा संवेदक अंशाच्या सोळाव्या भागात मोजतो. उणे अर्धा अंश म्हणजे उणे आठ भाग, सोळा घरांत ११११ ११११ ११११ १०००. पूर्णांक काढायला ही ओळ चार घरं उजवीकडे सरकवली तर येतात उणे एक, आणि शेवटची चार घरं सांगतात अर्धा. दोन्ही शेजारी छापले की दर्शक म्हणतो उणे दीड. सरकवण्याऐवजी सोळाने भागलं तर पूर्णांक येतो शून्य, शून्याला चिन्ह नसतं, उणे हरवतं आणि दर्शक म्हणतो अधिक अर्धा. दोन रीती, दोन वेगळी चुकीची उत्तरं, आणि उणे अठरा अंशांच्या फ्रीझरवर तपासणी केली तर भागाकाराच्या रीतीत कधीच काही दिसत नाही. उणे शून्य ते उणे एक या एवढ्याशा पट्ट्यातच ती चुकते, आणि बर्फातली मासळी नेमकी त्याच पट्ट्यात राहते. उपाय हा की चिन्ह आधी बाजूला काढून ठेवायचं, मग उरलेल्या धन संख्येचे तुकडे करायचे.

तिथल्या मावशींनी मात्र दुसरीच गोष्ट दाखवली. म्हणाल्या, "बर्फ कधीचा पाणी झालाय बाय, नि तुझा डबा अजून शून्यच दाखवतो." मिठाच्या पाण्याने वायर आतून जोडली गेली होती. वायर जमिनीला टेकली की चिप सगळीकडे शून्यच वाचते, आणि सगळी शून्यं म्हणजे शून्य अंश. वायर तुटली तर सगळे एक वाचले जातात, ते म्हणजे उणे एक भाग, अंशाचा सोळावा हिस्सा. तुटलेली वायर आणि टेकलेली वायर दोन्ही बर्फाच्या तापमानाचं सोंग घेतात! सगळे एक आले तर शेवटी येणारा तपासणीचा बाइट जुळत नाही, त्यामुळे ते पकडता येतं. सगळी शून्यं मात्र तपासणीतून बिनबोभाट पास होतात, कारण शून्यांचा तपासणी-बाइटही शून्यच निघतो. मग मार्ग सापडला तो माहितीपत्रकातच. संवेदक जे नऊ बाइट देतो त्यांतल्या पाचव्या बाइटाची शेवटची पाच घरं कायम एक असतात. तो बाइट शून्य आला तर समोर संवेदकच नाही. आता अशा वेळी त्या पेट्यांवर आडव्या रेघा येतात आणि बझर वाजतो. मावशींना ज्या क्षणी आकडा हवा होता त्या क्षणी तो खोटा होता, हे माझ्या मनातून जात नाही.

अक्षरांच्या फलकांची गोष्ट थोडक्यात सांगते. इंग्रजी अक्षरं सात घरांत मावतात, आठवं घर रिकामं राहतं. म्हणून बाहेरून आणलेल्या कित्येक प्रोग्रॅमांत आठवं घर पेटलेलं असेल हा विचारच नसतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की प्रमाणात, आयएस १३१९४, १९९१, आपली सगळी अक्षरं आठवं घर पेटवूनच बसवली होती. 'क' म्हणजे १७९. इंटेलच्या कंपायलरवर साधं कॅरॅक्टर चिन्हासह धरलं जातं, तिथे हाच 'क' उणे ७७ होतो, आणि फाँटच्या तक्त्यात उणे ७७ व्या जागी जाऊन काहीतरी अगम्य उचलून आणतो. एआरएमवर तेच चिन्हाविना, म्हणून नीट. आता यूटीएफ-८ आहे, पण आठवं घर तिथेही प्रत्येक देवनागरी अक्षराच्या तिन्ही बाइटांत पेटलेलंच. 'भ' म्हणजे २२४, १६४, १७३. ६४ बाइटांच्या जागेत तीन-तीनची २१ अक्षरं बसतात आणि बाविसाव्याचा एकच बाइट आत येतो. मग फलकाच्या शेवटी चौकोन दिसतो. मागे सरकत जायचं, ज्या बाइटाची पहिली दोन घरं १० असतील तो मधला, तो सोडायचा, अक्षराची सुरुवात सापडली की तिथे कापायचं. ज्याला तिकडे टोक म्हणतात ती इथे अख्खी बाराखडी आहे, हे मी प्रत्येक नव्या मुलाला रागाने नाही, पण ठासून सांगते.

आमची तपासणीची रीत आता ठरून गेली आहे. आधी फंक्शनचं एक संथ रूप लिहायचं, एकेक घर बघत जाणारं, ज्यात युक्ती काही नाही आणि जे वाचूनच पटतं. मग वेगवान रूप लिहायचं आणि दोघांची उत्तरं ताडून बघायची. १६ घरांच्या सगळ्या ६५,५३६ संख्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच होतात. ३२ घरांच्या ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ संख्याही साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतात, मग चार नमुने निवडून का थांबायचं? एकाहून जास्त आकडे घेणाऱ्या फंक्शनला सगळं तपासणं जमत नाही. तिथे सगळी शून्यं, सगळे एक, फक्त डावं टोक, डावं टोक सोडून सगळं, आणि मोजणीसाठी शून्य, एक, ३१, ३२ हे तरी हवेतच. आणि हे सगळं लॅपटॉपवर कंपायलरचा पहारेकरी चालू करून करायचं, म्हणजे हमीबाहेरचं सरकवणं झालं की तो लगेच ओरडतो. शून्याला डावीकडे किती शून्यं या प्रश्नाला सी भाषेनेही अखेर उत्तर दिलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या सी२३ प्रमाणात त्याची तयार फंक्शनं आहेत आणि शून्यासाठी काय परत येईल ते स्पष्ट लिहिलं आहे. गाळ्यांमधले कंपायलर तिथवर पोचायला वेळ लागेल, म्हणून आमच्या तपासलेल्या फंक्शनांची फाइल आम्ही सांभाळून आहोत.

सध्या टेबलावर आहे ते जुन्या पॅनेलांचं काम. अलार्म केव्हा आला याची वेळ ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, चिन्हासहच्या ३२ घरांत साठवतात. १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की पुढच्या सेकंदाला डावं टोक पेटेल आणि नोंदीत डिसेंबर १९०१ उमटेल. असं पॅनेल एकदा भिंतीवर चढलं की वीस-वीस वर्षं उतरत नाही. तेच घर चिन्हाविना वाचलं तर २१०६ पर्यंत निभावतं, पण काही पॅनेलांत प्रोग्रॅम बदलायची सोय ठेवलेली नाही. तिथे चिपच काढून दुसरी लावावी लागेल. कोणतं पॅनेल कुठे लागलंय याची यादी जुन्या चलनांवरून काढायला घेतली आहे. वसई, तारापूर, अंबरनाथ झालं, काशिमिऱ्याकडचे कारखाने अजून राहिलेत.